कुत्र्याला विमानाने न्यायचंय? आधी क्रेट आणा, तिकीट नंतर

ठमीला, म्हणजे माझ्या कुत्रीला, पुण्याहून दिल्लीला न्यायचं ठरलं तेव्हा मी उत्साहात सगळ्यात आधी स्वतःचं तिकीट काढून मोकळी झाले. मग विमान कंपनीला फोन केला, तर कळलं की त्या फ्लाइटवर आधीच दोन प्राणी बुक झालेत, तिसऱ्याला जागा नाही. तिकीट बदलायला जे पैसे गेले, त्यात ठमीचं महिनाभराचं चिकन आलं असतं. पहिल्यांदाच कुत्र्याला विमानाने नेणाऱ्यांसाठी ही सगळी पायरीवार माहिती. भर देशांतर्गत प्रवासावर आहे, परदेशाचं थोडक्यात शेवटी.

न्यायचं की नाही

मुंबई-गोवा, पुणे-नागपूर अशा अंतराला गाडी हाताशी असेल तर गाडीनेच जा. रेल्वेचाही पर्याय आहे. फर्स्ट एसीचा दोन बर्थचा कूपे किंवा चार बर्थची केबिन पूर्ण आपल्या नावावर असेल तर कुत्रा आपल्याबरोबर डब्यात राहू शकतो. दिल्लीपर्यंत एक रात्र आणि बराचसा दिवस लागतो, पण कुत्रं पायाशी झोपलेलं असतं. गार्डच्या डब्यातल्या पेटीत मात्र मी ठेवणार नाही, हे माझं मत.

विमानाने अजिबात नेऊ नये अशीही कुत्री असतात. गाभण कुत्री, नुकतंच ऑपरेशन झालेली, हृदयाचा त्रास असलेली, खूप म्हातारी. आणि चपट्या नाकाची तर निदान सामानाच्या भागातून नकोतच: पग, बुलडॉग, बॉक्सर, शिह त्झू, पेकिनीज. मोबाइल कंपनीच्या जाहिरातीनंतर पग आपल्याकडे घराघरांत आला, पण त्याचं नाक उकाड्यासाठी नाही. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापून अंग थंड करतो. नाकपुड्या अरुंद आणि टाळू लांब असली की धापूनही हवा पुरत नाही, अंग तापतच जातं. म्हणून बऱ्याच विमान कंपन्या या जातींना सामानाच्या भागात घेतच नाहीत. पग लहान असेल आणि केबिनच्या वजनात बसत असेल तर ठीक, नाहीतर रेल्वे.

पिल्लांचंही गणित आहे. रेबीजची लस साधारण तिसऱ्या महिन्यात देतात आणि प्रवासाआधी त्या लशीला निदान ३० दिवस झालेले असावे लागतात. म्हणजे पिल्लू चार महिन्यांचं होईपर्यंत विमानाचा विचार नको. दोन महिन्यांचं पिल्लू 'विमानाने घरपोच' पाठवतो असं कुणी सांगत असेल तर लशीची तारीख विचारा.

केबिन, होल्ड, कार्गो

हे तीन शब्द आधी नीट समजून घ्या, फोनवरचा अर्धा गोंधळ यांचाच असतो.

केबिन म्हणजे तुमच्या सीटखाली, मऊ बॅगेत. वजन कुत्रा आणि बॅग मिळून मोजतात. होल्ड म्हणजे तुमच्याच विमानात, पण खाली सामानाच्या भागात, क्रेटमध्ये, म्हणजे प्रवासाच्या बंद पेटीत. कार्गो म्हणजे कुत्र्याची मालवाहतूक म्हणून वेगळी बुकिंग. त्याचं ऑफिस वेगळं, कागद वेगळे, वेळही वेगळी. प्रवासी म्हणून तुम्ही बरोबर नसलात तरी कार्गोने कुत्रं जाऊ शकतं.

एअर इंडिया बरीच वर्षं पाळीव प्राणी नेते आहे. अकासाने नोव्हेंबर २०२२ पासून सुरुवात केली. तेव्हा त्यांची केबिनची मर्यादा ७ किलो होती, पुढे ती वाढवली. इंडिगो मात्र दिव्यांग प्रवाशाबरोबरचा प्रशिक्षित मदतनीस कुत्रा सोडून इतर प्राणी घेत नाही. हे नियम आणि दर वर्षा-दोन वर्षांनी बदलतात, म्हणून मी इथे रुपयांचे आकडे देत नाही. तुम्ही वाचाल तेव्हा ते जुने झालेले असतील.

होल्डसाठी एक आकडा मात्र लक्षात ठेवा: ३२ किलो. विमानात चढवायच्या एका नगाचं वजन साधारण याच्या आत असावं लागतं, कारण तो माणसं हाताने उचलतात. ठमी १८ किलोची, क्रेट ९ किलोचा, झाले २७. आम्ही मर्यादेत बसलो. तुमचा लॅब्राडोर ३० किलोचा असेल तर क्रेटसकट तो ४० च्या पुढे जातो, त्याला कार्गोच. तेव्हा कुत्र्याचं वजन आज करा. घरच्या काट्यावर आधी तुम्ही एकट्या, मग त्याला कडेवर घेऊन. वजाबाकी केलीत की झालं.

तारीख आणि फोन

आमच्याकडे एप्रिल-मे टाळायचे. विमान हवेत असताना खालच्या भागात हवेचा दाब केबिनइतकाच असतो आणि प्राणी ठेवतात त्या कप्प्यात तापमानही सांभाळलेलं असतं. खरा धोका जमिनीवर असतो, सामानाची गाडी विमानाशेजारी डांबरावर उभी असते ती वीस-तीस मिनिटं. मे महिन्यात दुपारी दोन वाजता ती जागा तव्यासारखी असते. उन्हाळ्यात जावंच लागलं तर पहाटेची किंवा रात्री उशिराची फ्लाइट. दिल्लीला डिसेंबर-जानेवारीत धुक्यामुळे सकाळची विमानं तासन्‌तास रखडतात, तिथे उलट दुपारची बरी. आम्ही फेब्रुवारीच्या शेवटी गेलो. दिवाळीच्या दिवसांत नेऊ नका, विमानतळाच्या वाटेवरच फटाके भेटतील.

फ्लाइट थेटच हवी. मध्ये विमान बदलायचं म्हणजे क्रेट दोनदा उतरणार, दोनदा चढणार, आणि डांबरावरची वीस मिनिटं दोनदा.

आता फोन. वेबसाइटवर एक खूण केली आणि कुत्र्याचं तिकीट निघालं, असं बहुतेक ठिकाणी होत नाही. क्रम असा ठेवा: फोन करून त्या तारखेच्या, त्या फ्लाइटवर प्राण्यासाठी जागा आहे का ते विचारा. असेल तर तुमचं तिकीट काढा. लगेच पीएनआर देऊन पुन्हा फोन करा आणि कुत्र्याची नोंद करून घ्या. जात, वय, वजन, क्रेटची लांबी-रुंदी-उंची ते विचारतात. मंजुरी लेखी मागा, ईमेलवर. काउंटरवर 'सिस्टिममध्ये दिसत नाही' असं ऐकायला मिळालं तर तोच ईमेल कामी येतो.

गावठी कुत्रा असेल तर जातीच्या रकान्यात काय लिहायचं तेही याच वेळी ठरवून घ्या. मी 'इंडियन' लिहिलं, डॉक्टरांनी दाखल्यावर 'मिश्र' लिहिलं, आणि काउंटरवरच्या मुलीला दोन वेगळी कुत्री वाटली. सगळीकडे एकच शब्द हवा.

क्रेटचं माप

होल्डसाठीचा क्रेट कडक प्लास्टिकचा लागतो, दार धातूच्या जाळीचं. घरात वापरतात तो घडीचा तारेचा पिंजरा चालत नाही. जगभरातल्या विमान कंपन्या आयाटाचे, म्हणजे त्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे, प्राणीवाहतुकीचे नियम मानतात, त्यात मापाची पद्धत दिली आहे. कुत्र्याला उभं करून चार मापं घ्या: नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी, जमिनीपासून पुढच्या पायाच्या कोपरापर्यंत उंची, खांद्यांची रुंदी, आणि जमिनीपासून डोक्याच्या किंवा कानाच्या टोकापर्यंत उंची, जे जास्त असेल ते.

क्रेटची आतली लांबी म्हणजे कुत्र्याची लांबी अधिक कोपराच्या उंचीचा निम्मा भाग. रुंदी खांद्याच्या दुप्पट. उंची डोक्यापर्यंतची, अधिक अंथरुणाची जाडी. ठमीची मापं होती ७२, ३०, २० आणि ६२ सेंटिमीटर. म्हणून लांबी ८७, रुंदी ४०, उंची तीन सेंटिमीटरचं अंथरूण धरून ६५. बाजारातल्या क्रेटमध्ये रुंदी भरपूर असते, अडतं ते उंचीवर. आपल्या गावठी कुत्र्यांचे कान उभे, म्हणून अंगाने बारीक असूनही क्रेट मोठा लागतो. चपट्या नाकाच्या कुत्र्याला या मापाच्या वर आणखी १० टक्के मोकळीक सांगितलेली आहे.

दुकानात क्रेटच्या दोन भागांना जोडायला प्लास्टिकच्या क्लिपा देतात. त्या काढून स्टीलचे नट-बोल्ट लावा, हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. चाकं असतील तर काढून टाका. पाण्याची वाटी दाराला आतून अडकवलेली, पण बाहेरून भरता येईल अशी हवी. वर आणि बाजूला 'लाइव्ह ॲनिमल' आणि वरची बाजू दाखवणारे बाण. शिवाय मी एक कागद चिकटवला: 'माझं नाव ठमी. मी चावत नाही. मला भीती वाटते आहे.' हिंदीतही लिहिला. सामान चढवणाऱ्या एका दादांनी तिला नावाने हाक मारलेली मी काचेतून पाहिली, म्हणून सांगते.

सहा आठवडे हॉलमध्ये

क्रेट प्रवासाच्या आदल्या आठवड्यात आणला तर कुत्र्याच्या दृष्टीने ते अपहरण असतं. प्रवासाच्या सहा आठवडे आधी आणा आणि हॉलमध्ये, माणसं बसतात तिथे ठेवा.

पहिला आठवडा दार काढूनच ठेवा. आत जुनं पांघरूण घाला आणि रोजचं जेवण तिथेच द्या. ठमी पहिले तीन दिवस मान लांब करून, मागचे पाय बाहेर ठेवून जेवायची, योगासन केल्यासारखी. ढकलू नका. वाटी रोज दोन बोटं आत सरकवा. चौथ्या दिवशी पूर्ण आत गेली, आठव्या दिवशी दुपारी आपणहून झोपली.

मग दार लावा. जेवताना दहा सेकंद बंद, ती मान वर करायच्या आत उघडा. मग एक मिनिट, पाच मिनिटं. आतून रडायला लागली आणि तेव्हाच दार उघडलं, तर रडलं की दार उघडतं हे ती शिकते. शांत झाल्याच्या क्षणी उघडा. रडणं थांबतच नसेल तर तुम्ही घाई केलीत. दोन पायऱ्या मागे या.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आवाज आणि हालचाल. क्रेट बंद असताना मिक्सर लावा, कुकरच्या शिट्ट्या होऊ द्या. दोघांनी मिळून क्रेट उचलून दुसऱ्या खोलीत न्या, आधी सरळ, मग थोडा कलता. आमच्या सोसायटीत गॅस सिलिंडर न्यायची ढकलगाडी होती, वॉचमनकाकांकडून ती मागून ठमीला पार्किंगमध्ये दोन चकरा मारल्या. खडखडाटाची सवय त्याने झाली. लोक हसले, हसू दे.

शेवटी तास मोजा, आणि इथेच सगळे चुकतात. पुणे-दिल्ली उड्डाण दोन तासांचं, म्हणून कुत्रं दोन तास बंद असेल असं वाटतं. विमान सुटायच्या तास-दीड तास आधी क्रेट तुमच्या हातातून जातो. उतरल्यावर मिळायला अर्धा-पाऊण तास. वर उशीर धरा. पाच तास समजा. म्हणून घरी चार-पाच तास दार बंद ठेवून ती निवांत झोपू शकली पाहिजे. रात्रीची झोप तिथेच सुरू केली की हे सोपं होतं. सहाव्या आठवड्यातही तोंडाला फेस येऊन जाळी चावत असेल, तर तारीख पुढे ढकला. अशा अवस्थेत कुत्री दात आणि नखं मोडून घेतात.

लहान कुत्र्याला केबिनमध्ये नेणार असाल तर हेच सगळं बॅगेसाठी करा. थोडं सोपं जाईल, पण टाळू नका. विमानात बॅग उघडून त्याला मांडीवर घेता येत नाही.

डॉक्टर आणि कागद

प्रवासाच्या दीड महिना आधी एकदा आणि दोन-तीन दिवस आधी पुन्हा, अशा डॉक्टरांकडे दोन खेपा. पहिल्या खेपेत लसी तपासा. रेबीजची लस वर्षाच्या आतली आणि ३० दिवसांपेक्षा जुनी हवी. पुस्तकात लशीचं स्टिकर, तारीख आणि डॉक्टरांचा शिक्का स्पष्ट हवा. आमच्या पुस्तकावर चहा सांडलेला होता, ते पान डॉक्टरांकडून नव्याने लिहून घ्यावं लागलं.

दुसऱ्या खेपेत 'फिट टू फ्लाय' दाखला. तो किती तासांच्या आतला लागतो हे प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं, फोनवर विचारून ठेवा. लेटरहेडवर, डॉक्टरांच्या नोंदणी क्रमांकासह. त्यात कुत्र्याचं नाव, जात, रंग, वय, वजन, संसर्गजन्य आजार नाही आणि प्रवासाला योग्य आहे असा उल्लेख. महापालिकेचा कुत्रा पाळण्याचा परवाना असेल तर तोही घ्या. नसेल तर काढा, पुण्या-मुंबईत तो घ्यावाच लागतो. सगळ्याच्या तीन झेरॉक्स.

आणि झोपेची गोळी. काका, शेजारी, रिक्षावाला, सगळे सांगतात, 'एक गोळी द्या, झोपून जाईल.' देऊ नका. गुंगीच्या औषधाने रक्तदाब उतरतो, तोल जातो, अंगाचं तापमान सांभाळण्याची ताकद कमी होते, आणि खाली होल्डमध्ये ते पाहायला कुणी नसतं. गुंगीतला कुत्रा दिसला तर कंपनीही त्याला नाकारू शकते. कुत्रं फारच भित्रं असेल तर डॉक्टरांशी महिनाभर आधी बोला. ते काही देणार असतील तर घरी आधी देऊन पाहायला सांगतील.

तो दिवस

शेवटचं हलकं जेवण घरातून निघायच्या आधी, म्हणजे उड्डाणाच्या पाच-सहा तास आधी. पाणी शेवटपर्यंत. क्रेटच्या वाटीत पाणी भरून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. बर्फ सांडत नाही, हळूहळू वितळतो. आत शू शोषणारा पॅड, त्यावर तुमचा न धुतलेला टी-शर्ट. खेळणी, हाडं काही नको, घशात अडकलं तर काढायला कोण? गळ्यात साधा सपाट पट्टा. साखळी, चोक कॉलर (ओढला की आवळणारा पट्टा), मुसकं बांधून क्रेटमध्ये ठेवू नका. मुसकं बांधलेल्या कुत्र्याला धापता येत नाही.

निघण्याआधी तासभर चालवा, दमवा. विमानतळावर तीन तास आधी पोचा आणि आत शिरायच्या आधी शू-शी उरकून घ्या. पुण्याला लोहगावला गेटबाहेर हिरवळ शोधत मी पंधरा मिनिटं फिरले, शेवटी पार्किंगच्या कडेचं एक झाड ठमीला पसंत पडलं.

काउंटरवर वजन, कागद, पैसे आणि एक फॉर्म, ज्यात कुत्र्याला काही झालं तर जबाबदारी तुमची असं लिहिलेलं असतं. तो वाचताना पोटात गोळा येतो. सही करावीच लागते.

मग सुरक्षा तपासणी. क्रेट रिकामा करून एक्स-रे मशिनमधून जातो, कुत्रा तुमच्या हातात, त्याला जवान हाताने तपासतात. सगळ्या प्रवासात कुत्रं निसटायची जागा कुठली असेल तर हीच. गळ्यातला पट्टा पुरेसा नाही, घाबरलेलं कुत्रं मान मागे खेचून त्यातून बाहेर येतं. इथे अंगात हार्नेस, म्हणजे छाती-पाठीला बांधायचा पट्टा, हवाच, आणि दोरी मनगटाला गुंडाळलेली. परत आत घातल्यावर हार्नेस काढा, दार लावा, चारही कोपऱ्यांना प्लास्टिकचे बंद ओढा. निरोप लांबवू नका. तुम्ही रडलात की तिला कळतं.

विमानात बसल्यावर केबिन क्रूला सांगा, 'खाली माझी कुत्री आहे, चढली का ते विचाराल?' जिवंत प्राणी असल्याची लेखी सूचना कॅप्टनकडे येते, त्यामुळे हे विचारणं वेडगळ नाही. दहा मिनिटांनी एक मुलगी येऊन कानात म्हणाली, 'मॅम, ठमी ऑन बोर्ड.' त्यानंतर मी श्वास घेतला.

केबिनमध्ये असाल तर उतरताना कुत्र्याच्या कानात दडे बसतात, चघळायला लहानसा तुकडा द्या.

उतरल्यावर

क्रेट सामानाच्या फिरत्या पट्ट्यावर येत नाही, मोठ्या सामानाच्या काउंटरवर आणून देतात. तिथे उघडू नका. ट्रॉलीवर ठेवून टर्मिनलबाहेर या, गाडीत किंवा भिंतीच्या कोपऱ्यात जा, दार अर्धवट उघडून आधी हार्नेस, मग पूर्ण दार. पाणी थोडं थोडं द्या. धाप थांबत नसेल, हिरड्या लालभडक असतील, पाय लटपटत असतील तर ऊन लागलंय असं समजा. साध्या पाण्याने अंग ओलं करा, वारा घाला, लगेच डॉक्टर. त्या गावातल्या जवळच्या व्हेटचा नंबर निघायच्या आधीच फोनमध्ये असू द्या.

बाकी पहिल्या दिवशी खाणार नाही, कोपऱ्यात बसेल. ते चालतं.

परदेशी न्यायचं असेल तर

सहा महिने आधी सुरुवात करा. न्यू जर्सीला किंवा लंडनला निघालेली बरीच मराठी घरं व्हिसा आल्यावर कुत्र्याचा विचार करतात, तोवर उशीर झालेला असतो.

आधी कातडीखाली बसवायची १५ अंकी आयएसओ मायक्रोचिप, मग रेबीजची लस. क्रम उलटा झाला तर ती लस धरत नाहीत. युरोपियन युनियन आणि ब्रिटनसाठी लशीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त काढून प्रतिपिंडांची तपासणी होते, दर मिलिलिटरला निदान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक यावं लागतं, आणि रक्त काढल्यापासून तीन महिने थांबावं लागतं. ब्रिटनला विमानाने कुत्रा फक्त कार्गो म्हणून उतरतो, शिवाय पोचण्याआधी २४ ते १२० तासांत डॉक्टरांकडून पट्टकृमीचं औषध. अमेरिकेने १ ऑगस्ट २०२४ पासून नियम कडक केले. कुत्रा सहा महिन्यांचा हवा, चिप हवी, सीडीसी या तिथल्या रोगनियंत्रण संस्थेचा फॉर्म हवा. भारत त्यांच्या रेबीजच्या जास्त धोक्याच्या यादीत आहे, म्हणून भारतात लस घेतलेल्या कुत्र्याला ठरावीक विमानतळांवरच उतरता येतं आणि तिथल्या नोंदणीकृत केंद्रात आधी बुकिंग करावं लागतं. ऑस्ट्रेलियाला भारतातून थेट नेताच येत नाही.

भारतातून निघताना ॲनिमल क्वारंटाइन अँड सर्टिफिकेशन सर्व्हिसेस या केंद्र सरकारच्या कार्यालयाचा दाखला लागतो. आपल्याला जवळचं कार्यालय मुंबईचं. या भानगडीसाठी एजंट घेतलात तर पैसे वाया गेले असं मी म्हणणार नाही. देशांतर्गत प्रवासाला मात्र एजंटची गरज नाही.

क्रेट दिल्लीला पोचल्यावर लगेच माळ्यावर टाकू नका. नव्या घरात सगळे वास परके असतात, ओळखीचा तेवढा तोच. ठमी पहिले चार दिवस त्यातच झोपली, दार उघडं असूनही. पाचव्या दिवशी सोफ्यावर आली.